शून्य थोडं वर उचलून ठेवा



दिवाळीची सुट्टी संपली की विज्ञान प्रदर्शनाचं पत्र येतं आणि आपल्या सगळ्या शाळांत एकच धांदल उडते. थर्माकोल, रंग, गोंद, बॅटरीवर फिरणारी पाती. आता तर तयार मॉडेलही मिळतं. पैसे दिले की दिवा लागतो, पोरं दोन दिवसांत माहिती पाठ करतात, परीक्षक आले की घडाघडा म्हणून दाखवतात. मी स्वतः असं मॉडेल प्रदर्शनात नेलेलं आहे, त्यामुळं कुणाला नावं ठेवायला बसलेले नाही.

पण गेल्या वर्षी सातवीच्या पोरांना घेऊन नऊ व्होल्टच्या एका चौकोनी बॅटरीवर एक छोटंसं सर्किट केलं. अगदी बारीक व्होल्टेज मोठं करून मीटरवर दाखवायचं, एवढंच त्याचं काम. त्या सर्किटनं पोरांना जे शिकवलं ते शिकवलंच, पण मला वर्गासमोर चुकीचं उत्तर द्यायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी ते मागं घ्यायलाही लावलं. तेव्हापासून माझं एक मत झालंय. मोजमाप शिकवताना आपण शून्य म्हणजे तळ असं मुलांच्या डोक्यात बसवतो. शून्य कुठं ठेवायचं हे आधी ठरवावं लागतं, ही गोष्ट आपण शिकवतच नाही. का, ते सविस्तर सांगते.

माझं शिक्षण म्हणाल तर बारावी सायन्स, मग डीएड. बारावीला बायफोकलचं इलेक्ट्रॉनिक्स होतं. त्यात ऑप-अँप शिकलेले. ७४१ नावाची आठ पायांची आयसी, त्रिकोणाची खूण, वर अधिक बारा व्होल्ट, खाली उणे बारा व्होल्ट. परीक्षेत आकृती काढली, मार्क मिळाले, विषय संपला. ते 'उणे बारा' कुठून आणायचं हा प्रश्न तेव्हा पडला नाही, कारण प्रयोगशाळेत टेबलावर दोन्हीकडचा पुरवठा तयार असायचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत आमच्याकडं काय असतं? एक बॅटरी. तिचं एक टोक अधिक, दुसरं टोक शून्य. उणे काही नाहीच.

आता मोजायचं काय होतं ते सांगते. माझ्याकडच्या मल्टिमीटरबरोबर तापमान बघायची एक तार आलेली होती, थर्मोकपल. दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडून बारीक मण्यासारखी गाठ केलेली असते. ही गाठ आणि तारांची दुसरी टोकं यांच्या तापमानात फरक पडला की थोडंसं व्होल्टेज तयार होतं. सीबेक नावाच्या शास्त्रज्ञानं १८२१ साली हा परिणाम शोधला. मीटरबरोबर येणारी तार बहुतेक के जातीची असते आणि एका अंशाच्या फरकाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देते. मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दहा लाखावा भाग. खोलीत २८ अंश असताना उकळत्या पाण्यात गाठ धरली तरी जेमतेम ३ मिलिव्होल्ट मिळतात. एवढंसं व्होल्टेज मोठं करायला ऑप-अँप.

काही पालकांनी विचारलं, "मॅडम, मीटरवरच तापमान दिसतंय की, मग हा खटाटोप कशाला?" प्रश्न रास्त आहे. तापमान हवं असेल तर मीटर बघावा. पण मीटरच्या पोटात काय चाललंय हे हवं असेल तर ते बाहेर काढून ब्रेडबोर्डवर मांडावं लागतं. त्या पोटातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आम्हाला नेमकी तिथंच सापडली.

दुकानदारानं ७४१ ऐवजी एलएम ३५८ दिली. "एका बॅटरीवर हीच चालंल," म्हणाला. बरोबर बोलला तो. ७४१ चं आउटपुट दोन्ही टोकांपासून दीड-दोन व्होल्ट लांबच राहतं, छोट्या बॅटरीवर तिला हलायला जागाच उरत नाही. ३५८ चं आउटपुट खाली जवळजवळ शून्यापर्यंत येतं, इनपुटलाही शून्याजवळचं व्होल्टेज चालतं, आणि ती ३ व्होल्टपासून पुढं चालते. शिवाय एकाच आयसीत दोन ऑप-अँप. दहा-पंधरा रुपयांत मिळाली. आम्ही २२० किलोओहम आणि १ किलोओहम असे दोन रेझिस्टर लावले, म्हणजे इनपुटच्या २२१ पट आउटपुट. थर्मोकपलची एक तार बॅटरीच्या उणे टोकाला, दुसरी आयसीच्या इनपुटला. मांडणी पुस्तकातल्यासारखीच, फक्त पुस्तकात जिथं उणे बारा होतं तिथं आमचं बॅटरीचं उणे टोक.

उकळत्या पाण्यात गाठ धरली, मीटर ०.३३ दाखवायला लागला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ग्लासात बर्फ आणून ठेवलेला होता, त्यात गाठ बुडवली. मीटर ०.०१. खोलीतल्या हवेत धरली, ०.०१. कोमट पाण्यात, तरी ०.०१. पुन्हा उकळत्यात, ०.३३.

एक मुलगा म्हणाला, "मॅडम, ह्याला गरम कळतंय, गार कळंना."

मी काय बोलून गेले असेन? "बर्फात उष्णता कमी असते ना रे, मग व्होल्टेज कुठून येणार? गारचं व्होल्टेज नसतं." इतक्या सहज बोलले की मलाही ते खरं वाटलं. पोरांनी वहीत लिहून घेतलं. एखादं चुकीचं वाक्य आपल्या तोंडून किती पटकन बाहेर पडतं आणि किती पटकन वहीत जातं हे आपण शिक्षकच जाणतो. कोमट पाण्याचं काय, हा प्रश्न तर मी हळूच बाजूला सारला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सातवीतल्या एका मुलीनं थर्मोकपल सर्किटमधून काढून सरळ मीटरलाच जोडलं. मीटर २०० मिलिव्होल्टवर. बर्फ अजून होता. मीटरवर आकडा आला, उणे १.१. ती माझ्याकडं आली आणि एवढंच म्हणाली, "मॅडम, गारचं पण हाय की. पण उलटं हाय."

आता उणे १.१ मिलिव्होल्ट अगदी बरोबर आकडा होता. २८ अंशाची खोली, शून्य अंशाचा बर्फ, फरक २८ अंशांचा पण उलट्या दिशेनं. ४१ ला २८ नं गुणा, साधारण ११५० मायक्रोव्होल्ट येतात. म्हणजे तार प्रामाणिकपणे सांगत होती. न कळणारं होतं आमचं सर्किट. खरं तर माझं डोकं. ऑप-अँपला उणे १.१ मिलिव्होल्ट दिले की तो २२१ पट करून उणे पाव व्होल्ट द्यायला बघणार. पण द्यायला त्याच्याकडं आहे काय? बॅटरी एकच, शून्यापासून नऊपर्यंत. शून्याच्या खाली त्याला जागाच नाही. मग तो बिचारा तळाला टेकून बसतो आणि आपण म्हणतो, गार कळत नाही.

त्या दिवशी पाचव्या तासाला मी फळ्यावर लिहिलं, 'काल मॅडमनी सांगितलेलं वाक्य चूक आहे. खोडा.' पोरांना भारी मजा वाटली. मला आधी लाज वाटली, मग बरं वाटलं.

पुढचा प्रश्न होता की शून्याच्या खाली जागा करायची कशी. आम्ही सोलापूर जिल्ह्यातली माणसं, आम्हाला हे कळायला पुस्तक कशाला पाहिजे होतं? दर उन्हाळ्यात आमच्या घराघरांत एकच चर्चा, उजनी मायनसमध्ये गेलं. किती गेलं? उणे वीस, उणे चाळीस टक्के. आता धरणातलं पाणी उणे कसं असेल? धरणात पाणी असतंच. उजनीत साधारण ६३ टीएमसी मृत साठा धरलेला आहे आणि त्याच्या वर साधारण ५३ टीएमसी उपयुक्त साठा. टक्केवारी मोजताना शून्य धरणाच्या तळाला ठेवलेलं नाही, मृत साठ्याच्या वरच्या पातळीला ठेवलंय. पाणी त्याच्या खाली उतरलं की आकडा उणे होतो, आणि तो उणे आकडा ऐकून आपल्याला कळतं की यंदा कठीण आहे. शून्य जर तळाला ठेवलं असतं तर उणे हा शब्द पेपरात कधी आलाच नसता, आणि धोका कुठं सुरू होतो ते रोज वेगळं सांगत बसावं लागलं असतं.

सहावीला पूर्णांक संख्या शिकवताना मी हेच उदाहरण दरवर्षी देते. संख्यारेषा काढते, मधे शून्य, डावीकडं उणे. आणि हातात सर्किट आल्यावर मात्र मीच शून्य रेषेच्या अगदी डाव्या टोकाला नेऊन ठेवलं होतं! एका तासाचं ज्ञान दुसऱ्या तासाला कामी येत नाही ही तक्रार आपण मुलांची करतो. हे शिक्षिकेचं उदाहरण.

तर, सर्किटचं शून्य उचलायचं. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये १० किलोओहमचे दोन सारखे रेझिस्टर एकापुढं एक लावले की मधल्या जागी निम्मं व्होल्टेज मिळतं, साधारण साडेचार. त्या जागेला आपण म्हणायचं 'आमचं शून्य'. थर्मोकपलची जी तार आधी बॅटरीच्या उणे टोकाला होती ती आता इथं. १ किलोओहमचा रेझिस्टर तिथून काढून इथं. मीटरची काळी पिनसुद्धा इथं. आता आउटपुट साडेचारच्या वर गेलं की मीटर अधिक दाखवणार, खाली गेलं की उणे. खाली साडेचार व्होल्टची जागा झाली. यालाच इलेक्ट्रॉनिक्सवाले बायस देणं म्हणतात. मला 'शून्य उचलणं' जास्त आवडतं, पोरांनाही तेच कळलं.

बरोबर निम्माच भाग घ्यावा असा काही नियम नाही, हे इथंच सांगते. ३५८ चं आउटपुट वरच्या बाजूला बॅटरीच्या दीडेक व्होल्ट खालीच थांबतं, म्हणजे नऊच्या बॅटरीवर साडेसातपर्यंत. नुसत्या गरम वस्तू मोजायच्या असतील तर शून्य एक व्होल्टवर ठेवलं तरी भागतं. आपल्याला खाली किती जागा लागणार आणि वर किती, त्यावर ते ठरवायचं.

पण हे करताना पोरांनी जी चूक केली ती मला सगळ्यात जास्त आवडली. ब्रेडबोर्डवर जागा पुरेना. मग एका गटानं थर्मोकपलसाठी एक जोडी लावली आणि १ किलोओहमच्या रेझिस्टरसाठी दुसऱ्या बाजूला १० किलोओहमची वेगळी जोडी लावली. "दोन्हीकडं निम्मंच हाय की, मॅडम." तर्क चुकीचा म्हणता येणार नाही. निम्मं म्हणजे निम्मं. मीटर लावला तर काहीच न मोजता दोन व्होल्टच्या वर आकडा, आणि उकळत्या पाण्यात तो फक्त दहाएक शतांशानं हलतोय.

मी उत्तर सांगितलं नाही. खरं तर मलाही लगेच कळलं नव्हतं. त्यांना म्हटलं, दोन्ही निम्मे सुटे करून मोजा. एकीकडं ४.५३, दुसरीकडं ४.४७. सोनेरी पट्टीच्या रेझिस्टरमध्ये पाच टक्के इकडंतिकडं असतंच. निम्मे सारखे नव्हते, सहा शतांशाचा फरक होता. मोजायचं व्होल्टेज तीन हजारांश, आणि दोन शून्यांमधला फरकच साठ हजारांश! ऑप-अँपला काय माहीत यातला खरा सिग्नल कोणता? त्यानं फरक दिसला तो मोठा केला.

शिवाय दुसरी एक गोष्ट. दुसरं निम्मं नुसत्या रेझिस्टरांतून आलेलं, त्यामुळं ते कमकुवत. १० किलोओहमचे दोन रेझिस्टर मिळून बाहेरून ते ५ किलोओहमसारखे वागतात आणि आमच्या १ किलोओहमच्या पुढं उभे राहतात. १ चे झाले ६. मग २२१ पट कुठली, पटीचे झाले अडतीसच्या आसपास. म्हणून उकळतं पाणी दाखवूनही काटा हलल्यासारखा वाटेना.

यावर उपाय आयसीतच होता. ३५८ मधला दुसरा ऑप-अँप रिकामाच पडलेला. त्याच्या अधिक इनपुटला मधली जागा जोडायची आणि त्याचं आउटपुट त्याच्याच उणे इनपुटला. तो व्होल्टेज वाढवत नाही, आहे तेवढंच देतो, पण भक्कम देतो. कुणी थोडा करंट घेतला तरी जागचा हलत नाही. ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी पाय सांगून ठेवते. ८ नंबरला बॅटरीचं अधिक, ४ ला उणे. दोन रेझिस्टरांची मधली जागा ५ ला, आणि तिथून बॅटरीच्या उणे टोकाला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, उणे पट्टी बॅटरीच्या उणेकडं. ६ आणि ७ एकत्र. हा ७ नंबरचा पाय म्हणजे आपलं शून्य. थर्मोकपलची एक तार ७ ला, दुसरी ३ ला. १ किलोओहम २ आणि ७ च्या मधे, २२० किलोओहम १ आणि २ च्या मधे. मीटरची लाल पिन १ ला, काळी ७ ला. बाकी काही नाही. गरम केल्यावर आकडा खाली जायला लागला तर थर्मोकपलच्या तारा अदलाबदल करा.

काळी पिन बॅटरीच्या उणे टोकाला लावायचा मोह होतो, तो टाळा. बॅटरी उतरत जाते तसं निम्मंही उतरतं. नऊची सव्वाआठ झाली की शून्य साडेचारवरून चारच्या जवळ येतं. काळी पिन ७ वर असली की शून्य आणि आउटपुट दोन्ही बरोबर उतरतात, आकड्याला फरक पडत नाही.

एवढं सगळं करून सर्किट चालू केलं. गाठ खोलीच्या हवेत. फरक शून्य, तेव्हा मीटर ०.०० दाखवणार अशी आमची अपेक्षा. मीटर म्हणाला उणे ०.३१.

पुन्हा सगळे पाय तपासले. जोडणी बरोबर. मग वाचल्यावर कळलं, ऑप-अँपचा स्वतःचाच थोडा कल असतो. दोन्ही इनपुट सारखे ठेवले तरी त्याला थोडा फरक वाटतो. ३५८ मध्ये हा कल साधारण २ मिलिव्होल्टचा असतो, काहींत ७ पर्यंत. आमच्या आयसीचा निघाला १.४ मिलिव्होल्ट, उणे बाजूला. त्याचे २२१ पट, उणे ०.३१. आता पहिल्या दिवशीचं कोडं सुटलं. कोमट पाणी का कळत नव्हतं? कारण त्याचं व्होल्टेज या कलालाच पुरून उरत नव्हतं. कोमट पाणी अधिकच्या बाजूला ढकलतंय, आयसी उणेकडं ओढतेय, आणि आउटपुट तळाला. आम्ही गारच तेवढं हरवलंय असं समजत होतो, अर्धं गरमसुद्धा हरवलं होतं.

इथं माझ्यातली प्रदर्शनवाली बाई जागी झाली. म्हटलं, एक छोटा प्रीसेट लावून हे शून्यावर आणून ठेवावं, कुणाला दिसणार आहे? ते तसं चुकीचंही नाही, खऱ्या यंत्रांत करतात. पण पोरांना विचारलं तर त्यांनी सोपा मार्ग काढला. वहीत तीन रकाने. पहिल्यात 'सुरुवातीचा आकडा', दुसऱ्यात 'आताचा आकडा', तिसऱ्यात वजाबाकी. उकळतं पाणी, आता ०.३३, सुरुवातीला उणे ०.३१, फरक ०.६४. बर्फ, आता उणे ०.५६, सुरुवातीला उणे ०.३१, फरक उणे ०.२५. उणेतून उणे वजा करायची गणितं पोरांनी आपणहून केली. 'वजा वजा अधिक' हा मंत्र मी तीन वर्षं घोकून घेतला होता, त्याचा उपयोग त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. मग भागाकार. ०.२५ ला २८ अंशांनी भागलं, अंशाला साधारण ९ मिलिव्होल्ट. ०.६४ ला सत्तरनं भागलं, तेही ९ च्या आसपास. आमच्याकडं पाणी शंभराच्या जरा खालीच उकळतं म्हणून सत्तर धरले. ४१ मायक्रोव्होल्टचे २२१ पट करा, तेच येतंय. दोन्ही बाजूंनी उत्तर जुळलं तेव्हा वर्गात जी शांतता झाली ती मला टाळ्यांपेक्षा मोठी वाटली.

आपण वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी घेतो ती याचसाठी असते ना? पोरगं कुठून निघालं ते कळलं तर कुठं पोचलं ते सांगता येतं. आणि तरी निकाल लावताना आपण दुसरा रकानाच बघतो. उणे ०.३१ वरून निघून ०.३३ ला पोचलेलं पोर, आणि ०.३० वरून निघून ०.३५ ला पोचलेलं पोर, यात पालकसभेत कुणाचं कौतुक होतं, तुम्हीच सांगा.

प्रदर्शनात आमच्या टेबलावर ब्रेडबोर्ड, मीटर, दोन ग्लास आणि ही वही. शेजारी कुठल्यातरी शाळेचं झगमगतं धरण, लुकलुकणाऱ्या दिव्यांसकट. परीक्षक आले. मीटरकडं बघून पहिलाच प्रश्न, "काही मोजत नाही तर उणे का दाखवतंय? शून्य पाहिजे." आमच्या मुलानं सांगितलं, "सर, हे त्याचं सुरुवातीचं आहे, आम्ही वजा करतो." सर म्हणाले, "म्हणजे दोष आहे. दुरुस्त करून आणायला पाहिजे होतं." आणि पुढं गेले. बर्फाच्या ग्लासाकडं बघितलंही नाही. नंबर आला नाही.

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पोरांना जास्त वाटलं. पण नंतर विचार केला तर सरांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. तक्त्यावर आम्ही त्या कलाविषयी एक ओळ लिहायला हवी होती, ती राहिली. माझी तक्रार आहे ती दुसरीच. शून्यावर नसलेला आकडा दिसला की तो दोष, हा निर्णय दोन सेकंदांत झाला. 'तुम्हाला हे आधीच माहीत होतं का? मग तुम्ही काय केलं?' असे दोन प्रश्न विचारले असते तर त्या मुलानं सगळं सांगितलं असतं, दोन निम्म्यांची गोष्टसुद्धा. आपल्यापैकी बरेच जण कधी ना कधी परीक्षक म्हणून जातो. मीही जाते. झगमगत्या मॉडेलला 'हे कुठं चुकलं होतं?' असं विचारून बघा. तयार आणलेलं असेल तर उत्तर येत नाही.

पालकांनाही एक विनंती. मॉडेलसाठी पाचशे-हजार रुपये काढायची तुमची तयारी असते, त्यात प्रेम असतं, मला ते दिसतं. त्याऐवजी एक साधा मल्टिमीटर, एक ब्रेडबोर्ड आणि शंभरेक रुपयांचे सुटे भाग घेऊन द्या. एकच काळजी घ्या, सगळं बॅटरीवर. घरातल्या प्लगला पोरांनी यातलं काही जोडायचं नाही. आणि ते पंधरा दिवस चाललं नाही तरी ओरडू नका.

शिक्षकांपैकी ज्यांना वाटतंय की हे हायस्कूलचं काम आहे, त्यांना एवढंच सांगेन की यात सहावी-सातवीच्या गणिताबाहेरचं काहीही नाही. उणे संख्या, गुणाकार, भागाकार, आणि दशांश चिन्ह. आयसीच्या पोटातलं मला तरी कुठं सगळं येतं? भीती वाटते ती पोरांसमोर अडकण्याची. ती मलाही वाटली होती. अडकलेही.

सर्किट मोडलेलं नाही. मार्चमध्ये ऊन वाढलं तसा पोरांनी नवा उद्योग काढला, शाळेतला माठ. खोलीत ३६ अंश, माठातल्या पाण्यात गाठ सोडली. फरक आला उणे ०.१०, म्हणजे पाणी खोलीपेक्षा अकरा अंशांनी गार. दुसऱ्या दिवशी माठ दारात, वाऱ्याला ठेवून मोजलं, उणे ०.१२. आता वाद चाललाय की ओलं फडकं गुंडाळल्यावर किती येईल. बॅटरी सात व्होल्टवर आलीये, तिसऱ्या रकान्यात अजून फरक पडलेला नाही.